खालच्या आळीखालची जमीन

माझ्या मावशीचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. घराला कुलूप लावून निघाली की अर्ध्या जिन्यावरून परत फिरून ते ओढून बघायची, आणि वर काकांना म्हणायची, "तुम्हीही एकदा ओढा." काका घड्याळं दुरुस्त करायचे, स्वभावाने अगदी मऊ. ते ओढायचे. बसच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं असलं तरी ती आधी चालकाला विचारायची, मग आत बसलेल्या एखाद्या उतारूला विचारायची, आणि दोघांची उत्तरं जुळली तरच चढायची. माझी आई, म्हणजे तिची सख्खी बहीण, म्हणायची, "हिला पाळण्यातच कुणीतरी गंडवलं असणार."

असं माणूस कुठल्या नोकरीत टिकेल असा घरच्यांना घोर होता. मावशी टिकली ती नगरपालिकेच्या भूपरीक्षण खात्यात, कारण तिथे कामच संशय घेण्याचं होतं, आणि तेही पायाखालच्या जमिनीवर.

आमचं शहर भूकंपाच्या पट्ट्यात येतं. माझ्या पणजोबांच्या वेळी एक मोठा धक्का बसला होता. त्यात टेकडीवरची घरं जागच्या जागी उभी राहिली आणि सखल भागातली आडवी झाली, एवढं सगळे सांगत. का, ते विचारलं की कुणी म्हणे बांधकाम कच्चं होतं, कुणी म्हणे नशीब. मावशीला दोन्ही कारणं पटत नसत. ती सांगायची की भूकंप एकच असतो, पण तो प्रत्येक आळीला वेगळा लागतो. कठीण खडकातून लाट झपाट्याने निघून जाते, घरांना खडखडवते आणि संपते. तीच लाट मऊ मातीत शिरली की तिचा वेग पडतो आणि अंग फुगतं. वर आणखी एक भानगड. प्रत्येक जमिनीचा डोलण्याचा आपला एक ठेका असतो, तसाच प्रत्येक इमारतीचा असतो. भरलेली बादली घेऊन चालताना आपली चाल आणि पाण्याचं हिंदकळणं नेमकं जुळलं की पाणी काठावरून सांडतं ना, तसं जमिनीचा आणि इमारतीचा ठेका जुळला की इमारत सांडते. हे "सांडते" मावशी अशा काही आवाजात म्हणायची की ऐकणारा छताकडे बघायचा.

ठेका मोजायला तिच्याकडे एक पेटी होती. जेवणाच्या डब्याएवढी, खाली तीन टोकदार पाय, वर पातळी दाखवणारा बुडबुडा. भूकंप नसतानाही जमीन कधी पूर्ण गप्प बसत नाही. लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या, झाडांना हलवणारा वारा, कोसभर पलीकडचा समुद्र, सगळ्यांची बारीक थरथर तिच्यातून सतत चालू असते. पेटी मातीत रोवायची, आजूबाजूच्यांना जरा शांत बसायला सांगायचं आणि ती थरथर टिपत राहायची. आडवी हालचाल उभ्या हालचालीपेक्षा फारच वरचढ निघाली की समजायचं, खाली मऊ थर आहे. असं करत शहरभर फिरून कुठली आळी किती हलेल याचा नकाशा करायचा, हे मावशीचं काम. लोकांनी तिचं नाव ठेवलं होतं थरथरबाई.

नाव प्रेमाचं नव्हतं. जुन्या बाजारात तिने पेटी लावली होती आणि पुढे काही महिन्यांत तो बाजार पाडला गेला. पाडायचं कधीच ठरलेलं होतं, पेटीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण लोकांनी संबंध जोडला. ही बाई जिथे पेटी ठेवते तिथे मागून बुलडोझर येतो, अशी बोलवा झाली. त्यामुळे ती खालच्या आळीत पोचायच्या आधीच तिची कीर्ती तिथे पोचली होती.

खालची आळी म्हणजे टेकडीच्या पायथ्याची जुनी वस्ती. एक-दोन मजली घरं, भिंतीला भिंत लागलेली, छतांवर पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या. तिथले पुढारी म्हणजे एक निवृत्त शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मावशीला कोपऱ्यावर गाठलं.

"बाई, या डब्यात काय आहे?"

"जमिनीची थरथर मोजायचं यंत्र आहे, मास्तर. अर्धा तास कुणी जवळून चालू नका, बस्स."

"आणि चाललो तर?"

"तर तुमची पावलं माझ्या यंत्रात उमटतील."

सरळ मनाने दिलेलं उत्तर, पण नेमकं तेच नको होतं. "ऐकलंत का?" मास्तर मागे वळून ओरडले. "आपण कधी चालतो, कधी बसतो, सगळं या डब्यात उमटतं! पाळत आहे ही, पाळत!" आणि त्यांनी पायात जाड तळव्यांचे बूट चढवले आणि पेटीभोवती दाणदाण फेऱ्या मारायला सुरुवात केली. मावशी स्टुलावर बसून बघत राहिली. मास्तर दमले तेव्हा ती म्हणाली, "झालं? आता नव्याने लावते." दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या जागी एक दांडगा पाववाला आला, तिसऱ्या दिवशी दोघं जोडीने. मावशीही चिवट. चालणारे थकले की ती सुरू करायची.

शेवटी ती आळीच्या टोकाच्या वखारीत पोचली. लाकडाची ही वखार बंद पडून वर्षं झाली होती. रस्त्याकडचा पट्टा मोकळा, बाकी सगळीकडे जुन्या शेड उभ्या. या जागेवर नगरपालिकेचा सहा मजली दवाखाना व्हायचा होता. आराखडा मंजूर होता. जमिनीचा अहवालही आला होता, आणि त्यात लिहिलं होतं की दोन पुरुषांवर पक्का खडक आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. भोकं पाडणारे अजून याच मापात बोलतात. मावशीला फक्त नकाशातला ठिपका भरायचा होता. तिने मधल्या शेडमधल्या मातीत पेटी रोवली आणि टिपण घेतलं.

ते खडकाचं नव्हतं. जमीन मोठे मोठे, संथ झोके घेत होती, आणि मावशीने ठेका काढला तर तो सहा मजली इमारतीच्या ठेक्याच्या अगदी जवळचा.

आधी तिने पेटीवर संशय घेतला. कचेरीच्या तळघरात उघडा कातळ आहे, तिथे नेऊन लावली. पेटी शहाण्यासारखी वागली. मग मास्तरांवर. त्या दिवशी ते कसे कोण जाणे, चहा घेऊन आले होते. मावशीने तो प्यायला नव्हता, पण ते शेडमागे काही आपटत तर नव्हते? तिने जाऊन सरळ विचारलं.

"मी?" मास्तर भडकले. "तुम्ही मलाच विचारता? त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसलो होतो. तुम्ही एकट्या असताना नक्की काय करता ते बघायला!"

मग तिने शेडमध्ये आणखी तीन ठिकाणी मोजलं. लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घण मारला आणि लाट ओळीने रोवलेल्या, थरथर टिपणाऱ्या खुंट्यांपर्यंत किती वेगाने पोचते ते पाहिलं. लाट चिखलातून चालल्यासारखी रमतगमत पोचली. हिशोब सांगत होता की खडक दोन पुरुषांवर नाही, आठ-नऊ पुरुषांवर आहे. वर जेवढी इमारत उभी राहायची होती, जवळजवळ तेवढाच खाली चिखल.

आता संशय घ्यायला एकच गोष्ट उरली, तो अहवाल. आणि अहवाल दिला होता माझ्या मामाने.

मामा तिघा भावंडांत धाकटा. जमिनीत भोकं पाडून खालचा दगड काढून देण्याचा त्याचा धंदा. लहानपणी त्याने आजोबांच्या बाकाला, दाराला, एकदा तर आईच्या चपलेलाही भोकं पाडली होती, म्हणून घरात त्याला गिरमिट म्हणत. मोठेपणी यंत्रं आली, माणसं आली, नाव तेच राहिलं. मावशीचा त्याच्यावर जीव होता. पण जीव असणं आणि विश्वास असणं हे तिच्या हिशोबात दोन वेगळे रकाने होते.

एका रविवारी ती मामाकडे गेली. मामीने चहा टाकला. चहा होईपर्यंत मावशी "जरा पाय मोकळे करते" म्हणून मागच्या शेडमध्ये शिरली. तिथे लांबट लाकडी पेट्यांमध्ये, ओळीने, भोकांतून काढलेल्या दगडाच्या कांड्या ठेवलेल्या असतात, खडूच्या डब्यातल्या खडूंसारख्या. प्रत्येक पेटीवर जागेचं नाव. तिने वखारीची पेटी शोधली, एक कांडी उचलली आणि तिला जीभ लावली. दगड ओला झाला की त्याचे कण दिसतात. हाताशी पाणी नसलं की भूगर्भाचं शिकलेली माणसं सर्रास असं करतात.

"ताई," मागून मामाचा आवाज आला, "एवढी भूक लागली असेल तर घरात चल की. जेवण तयार आहे."

तो हसत होता. मग त्याने पेटीवरचं नाव वाचलं आणि हसणं थांबलं.

"वखारीची आहे ती."

"हो, दिसलं."

"मग?"

"हा दगड टेकडीवरच्या खाणीतल्यासारखा दिसतो," मावशी म्हणाली.

"मग कसा दिसायला हवा? टेकडीचा खडक तोच, तोच खाली उतरत येतो. ताई, तुला म्हणायचंय काय? मी खाणीतून दगड आणून या पेटीत भरले?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. चाखून बघितलंस." मामाने तिच्या हातातली कांडी काढून घेतली आणि जागेवर ठेवली. "तू मला विचारायला आली होतीस की पकडायला?"

"वहिनीला भेटायला आले होते," मावशी म्हणाली.

मला ही गोष्ट दोघांनीही सांगितली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी दोघांचं जुळत नाही. इथे मात्र जुळतं. मामा म्हणतो, त्या एका खोट्याने तो जितका दुखावला तितका आरोपानेही दुखावला नसता. आणि मावशी म्हणते, तो इतका का चिडला, असं मनात येऊन तिचा संशय दुप्पट झाला.

सोमवारी ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी पेटीचे आकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, अहवाल तुमच्या भावाचाच ना?"

"हो, साहेब."

"घरात काही भांडण आहे का तुमचं? जागेवरून वगैरे?"

"नाही."

"मग दवाखाना इथे होऊ नये असं आणखी कुणाला वाटतं? कोण भेटलं होतं तुम्हाला?"

मावशी सांगायची, आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण जगाने आपल्यावर घेतला की कसं लागतं ते त्या खुर्चीत बसून कळलं. तरी ती हटली नाही. म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. त्याच्यावरही नको. सगळ्यांसमोर पुन्हा भोक पाडा."

दुसऱ्या कुणाला बोलवावं असं साहेबांच्या मनात होतं. पण मामाच्या कानावर गेलं आणि तो कचेरीत येऊन टेबलासमोर उभा राहिला. "माझंच यंत्र लागेल. माझीच माणसं. आणि ज्यांना बघायचंय त्या सगळ्यांनी बघायचं." मावशी त्याच खोलीत होती. तो तिच्याकडे न बघता आला तसा निघून गेला.

भोक पाडायच्या दिवशी खालची आळी कामधंदा सोडून वखारीत जमली. एव्हाना मधल्या शेड पाडून झाल्या होत्या. मास्तरांचा तर तिथल्या एकाही माणसावर विश्वास नव्हता. "बहीण-भाऊ मिळून नाटक चाललंय," त्यांनी जाहीर केलं. "आधी भांडायचं, मग मिटवायचं, आणि मधल्या मधे आळी उठवायची." निघालेला माल कुणी बदलू नये म्हणून त्यांनी घरून खुर्ची आणली आणि दगडाच्या पेटीला टेकवून तिच्यावर बसले. पेटीत काही ठेवायचं झालं की मामाच्या माणसाला मास्तरांना उठवावं लागे.

पहिलं भोक मामाने रस्त्याच्या कडेला घेतलं, जिथे आधी घेतलं होतं तिथेच. यंत्र घरघरलं, माती निघाली, मुरूम निघाला, आणि दोन पुरुषांवर खडक लागला. तसाच दगड, तेच कण. मामाने कांडी साहेबांच्या हातात दिली. मग पहिल्यांदा मावशीकडे वळून म्हणाला, "चाखायचीय?"

लोक हसले. मावशीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "खडक आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं. आता तिथे घे." आणि मधल्या शेडच्या जागेकडे बोट दाखवलं.

तिथे आधी भराव निघाला. विटांचे तुकडे, राख, फुटकी भांडी. मग काळी माती, मग काळा, चकचकीत, घाण वासाचा गाळ. त्यात गोगलगाईंचे शंख आणि कुजलेल्या बोरूच्या काड्या. जमीन किती घट्ट आहे ते पाहायला भोकात सोडलेल्या नळीच्या डोक्यावर ठरावीक वजनाचा हातोडा टाकून किती घाव लागतात ते मोजतात. इथे घाव घालायची वेळच आली नाही. हातोडा उचलायच्या आधी नळी आपल्याच वजनाने खाली निघाली. मामाने हात वर करून यंत्र थांबवलं. नळी तरीही जात राहिली, हळूहळू, लोण्यात सुरी जावी तशी.

हसणं कधीच थांबलं होतं. मामाचा चेहरा मातीसारखा झाला होता. खडक लागला तो आठ पुरुष ओलांडून.

उलगडा सोपा होता. कधीकाळी टेकडीवरून एक ओढा उतरत होता. त्याने खडक खोल कापून काढला होता. मग तो गाळाने भरला, मग कुणीतरी वर भराव टाकला, आणि जिवंत माणसांच्या आठवणीतून तो पुसला गेला. खालची आळी जवळजवळ सगळी त्याच ओढ्याच्या पोटावर वसली होती. मामाने पहिल्या वेळी तीन भोकं पाडली होती, पण तिन्ही रस्त्याच्या कडेला. शेड उभ्या असल्यामुळे यंत्र आत जात नव्हतं. आणि रस्त्याखाली ओढ्याचा खडकाळ काठ होता.

"तीन सांगितली, तीन मारली," तो साहेबांना म्हणाला. "कुठे मारली ते कुणी विचारलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मीही सांगितलं नाही."

विचारायचं काम साहेबांचं होतं.

त्या संध्याकाळी मावशी मामाकडे गेली, या वेळी पुढच्या दाराने. दोघं उभ्यानेच बोलली. मामी सांगते, आवाज कुणीच चढवला नाही, तेच भीतीदायक होतं.

"तू मला नुसतं विचारलं असतंस," मामा म्हणाला, "की गिरमिट, भोकं कुठे मारलीस, तर मी सांगितलं असतं."

"विचारलं असतं," मावशी म्हणाली, "पण तू खरंच सांगशील याची मला खात्री नव्हती."

"सख्ख्या भावाची?"

"होती" असं मावशी म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. पण खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा तिच्याने बोलवेना. त्यानंतर कितीतरी काळ मामा तिच्या घरची पायरी चढला नाही. आमच्या घरी दोघं समोरासमोर आली तर एकमेकांशी आईमार्फत बोलत. "तिला म्हणावं, मीठ दे." "त्याला म्हणावं, समोरच आहे."

दवाखान्याचा आराखडा बदलला. तो रस्त्याच्या बाजूला, खडकावर सरकला आणि तीन मजल्यांचा झाला. ज्या कोपऱ्याला खडक पुरला नाही तिथे खांब खोल नेऊन खडकात रोवले. ते काम मामानेच मागून घेतलं. आळी काही उठवली नाही. मावशी घरोघर हिंडून सांगू लागली: वर मजले चढवू नका, छतावरच्या टाक्या खाली घ्या, भिंती एकमेकींना पट्ट्यांनी बांधून घ्या. काहींनी ऐकलं. मास्तरांनी तिला दारातच विचारलं, "टाक्या खाली आणायला लावून नळाचं पाणी तोडणार, असा बेत आहे ना?" पण मग त्यांनी टाकी उतरवून अंगणात आणली. का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मावशीचा अंदाज असा की त्यांचा तिच्यावर जितका अविश्वास होता, त्याहून थोडा जास्त त्या गाळावर बसला असणार. त्यांनी तो स्वतः राखत बसून पाहिला होता.

भूकंप झाला तो काही वर्षांनी, भर सकाळी. मावशी कचेरीत होती. तिच्या टेबलावरची पेन्सिल गडगडत गेली, खिडकीच्या काचा खडखडल्या, संपलं. शेजारचा कारकून म्हणाला, "ट्रक गेला वाटतं." मावशीने खिडकीतून खाली पाहिलं. सखल भागावर धुळीचा पडदा उभा राहिला होता. ती पर्स टाकून तशीच पळत सुटली.

खालची आळी रस्त्यावर येऊन उभी होती. धुराडी कोसळली होती, भिंतींना हात जाईल एवढ्या चिरा गेल्या होत्या. पाववाल्याच्या छतावरची टाकी जिना फोडून खाली आली होती. जिन्यावर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. हातपाय मोडले, डोकी फुटली. जीव कुणाचा गेला नाही. लोक सांगत होते, जमीन बोटीसारखी डोलत होती, थांबायचं नावच घेत नव्हती. टेकडीवरच्या लोकांना हे पुढे कित्येक दिवस खरंच वाटेना. त्यांच्याकडे कपाटातला कपही पडला नव्हता.

मास्तर कपाळाला कापड दाबून बसले होते. मावशीला बघताच म्हणाले, "तुम्हाला आधी माहीत होतं."

"कधी होणार ते कुणालाच माहीत नसतं, मास्तर. कसं हलेल एवढंच माहीत होतं."

"इतक्या पटकन कशा पोचलात मग?"

"पळत आले," मावशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मास्तर गडबडले. त्यांनी कपाळावरचं कापड तिच्यापुढे केलं, मग त्यावरचं रक्त बघून मागे घेतलं.

दवाखाना उभा होता. मावशीचा त्यावरही विश्वास बसेना. ती तळघरात उतरली, तर तिथे टॉर्च घेऊन मामा आधीच खांब तपासत होता. त्याला स्वतःच्या खांबांची खात्री वाटली नव्हती. दोघांनी न बोलता एकेक खांब मिळून पाहिला. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याचा हात खांबावर. एकही चीर नव्हती. शेवटच्या खांबाशी मामा म्हणाला, "तेव्हा तुला मी चोर वाटलो होतो ना?"

"वाटला होतास."

"अजून वाटतो?"

मावशीने विचार केला. "अजून थोडा," ती म्हणाली.

मामा इतका हसला की वरून एक परिचारिका खाली काय झालं ते बघायला आली.

मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात, आणि मोजायला तेच खरे उपयोगी. एक पेटी गाळावर, एक खडकावर ठेवली आणि एकच धक्का दोघींनी टिपला, की वाद उरत नाही. मामा आपल्या गाडीतून पेट्या घेऊन हिंडला. एक पेटी टेकडीवर गेली, दुसरी मास्तरांच्या घरात, पूर्वी त्यांचं कापड बेतायचं मेज होतं त्या खोलीतल्या जमिनीवर. मास्तरांनी घरात सगळ्यांना हलायला बंदी केली, स्वतः मात्र पेटीसमोर जागता पहारा ठेवून बसले. "मी बघतोय हं," ते मावशीला म्हणाले. "बघा," ती म्हणाली. धक्के आले. खालच्या पेटीने वरच्या पेटीच्या चार-पाच पट हालचाल दाखवली, प्रत्येक वेळी. साहेबांनी दोन्ही टिपणं शेजारी ठेवून पाहिली आणि नकाशावर सही केली. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "पेट्या अदलाबदल तर झाल्या नाहीत ना?" मावशीला तो प्रश्न फार आवडला.

पुढे ती निवृत्त झाली. एक दिवस मामाचा फोन आला. नदीकाठच्या एका शाळेच्या जागेवर त्याने भोकं पाडली होती, चारही कोपऱ्यांना, मधेही. सगळीकडे खडक लागला होता.

"मग अडचण काय?" मावशीने विचारलं.

"मला पटत नाही," मामा म्हणाला. "फारच सरळ लागलाय. तू ये, तुझी पेटी लाव."

खात्यातून पेटी मागून आणली. गाडी मी चालवली. मैदानात पोचल्यावर मावशीने आधी मामाची भोकं मोजली, मग पेटी रोवली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर दोघांनी एकदम "शू" केलं. मामा एका टोकाला जाऊन उभा राहिला, मावशी दुसऱ्या, आणि अर्धा तास दोघंही जागची हलली नाहीत.

खडकच होता. मावशी म्हणाली, "तरी पावसाळा झाल्यावर एकदा पुन्हा बघू."

"मीही तेच म्हणणार होतो," मामा म्हणाला.